सरकार प्रतिवादी असता न्याय कोणी करावा?

भाऊबंदांत शेताच्या बांधावरून तंटा झाला, तर दोघेही एकाच पायरीवर उभे असतात. दोघांचा पुरावा एकाच तराजूत पडावयाचा, आणि निवाडा करणाऱ्याचे त्यांपैकी कोणाशीच नाते नसते. पण ज्या तंट्यात एका बाजूस साधा मनुष्य व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सरकार उभे असते, तेथे हा हिशेब बिघडतो. कायदा करणारे सरकार, तो अमलात आणणारे सरकार, दप्तर सांभाळणारे सरकार, आणि तक्रार ऐकणारा अंमलदारही बहुधा सरकारचाच. एकत्र कुटुंबात कर्त्याच्या कारभाराविषयी तक्रार उत्पन्न झाली, तर ती कर्त्यापुढेच मांडावयाची काय, हा प्रश्न आपल्या घरांतून जुना आहे. सुज्ञ घराणी अशा वेळी बाहेरचा मध्यस्थ बोलावीत. मात्र त्या मध्यस्थास घरच्या व्यवहाराची चांगली माहिती असावी, अशीही त्यांची अपेक्षा असे. राज्याच्या संसारात हे मध्यस्थाचे काम करण्यासाठी जी संस्था निर्माण झाली, तिला प्रशासकीय न्यायालय किंवा न्यायाधिकरण म्हणतात. ही संस्था आपल्या देशात व शेजारच्या देशांत कशी वाढली, आणि खानदेशातल्या मनुष्यास तिचा उपयोग कितपत होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खानदेशचा जुना अनुभव

इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला अंमलदार. त्याने धुळे हे आपले ठाणे केले. वसुली, बंदोबस्त आणि न्याय ही तिन्ही कामे त्या काळी एकाच हाती असत. नव्या मुलखात घडी बसविण्यास हे सोयीचे होते हे खरे. परंतु ज्याने सारा आकारावयाचा त्यानेच साऱ्याविषयीची तक्रार ऐकावयाची, ही रीत तेव्हा जी पडली तिची मुळे फार खोल गेली.

या रीतीचे फळ १८५२ मध्ये दिसले. जमिनीची मोजणी व नवी आकारणी सुरू झाली तेव्हा सावदे, एरंडोल या बाजूंस शेतकऱ्यांनी मोठाले जमाव करून मोजणीस विरोध केला. आकार वाढेल हे भय त्यांच्या मनात होते. सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांस पकडले आणि मोजणी पुरी केली. शेतकऱ्यांची तक्रार न्याय्य होती की अतिशयोक्तीची, हा येथे प्रश्न नाही. ती कोणा तिऱ्हाइतापुढे मांडून तिचा निकाल लावून घेण्याची सोय नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जेथे दाद मागण्यास ओटा नसतो, तेथे लोक मैदानात जमतात.

पुढे १८७६ साली मुंबई इलाख्यासाठी महसूल अधिकारक्षेत्राचा कायदा झाला. त्या वर्षीच्या या दहाव्या कायद्याने जमिनीच्या आकारणीची रक्कम, वतनी जमिनींवरील सरकारविरुद्धचे हक्क इत्यादि अनेक बाबींतून दिवाणी न्यायालयास दूर ठेवले. ज्या थोड्या बाबींत दावा लावता येई, त्यांतही महसुली अपिलांच्या सर्व पायऱ्या आधी चढून याव्या लागत. या व्यवस्थेची वडीलधारी परंपरा बंगालची होती. १७८१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटाने कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टास महसुलाच्या कामात हात घालण्याची मनाई केली, आणि ही मनाई वेगवेगळ्या रूपांनी १९५० पर्यंत हायकोर्टांच्या मूळ अधिकारास चिकटून राहिली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली तेव्हाच ती सुटली.

फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंड

आता क्षणभर युरोपकडे वळू. कारण आपल्या शेजाऱ्यांच्या संस्थांचे बीज तेथले आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९० च्या कायद्याने सामान्य न्यायाधीशांस राज्यकारभारात ढवळाढवळ करण्यास बंदी झाली. म्हणजे आरंभ आपल्यासारखाच: सरकारचा न्याय सरकारच करणार. १७९९ मध्ये नेपोलियनने राज्यपरिषद स्थापिली, तीही प्रथम सल्ला देणारी होती. परंतु हळूहळू तिने सल्ल्याचा निवाडा केला, आणि २४ मे १८७२ च्या कायद्याने तिला स्वतःच्या अधिकारात निकाल देण्याची सत्ता मिळाली. पुढच्याच वर्षी एका लहान मुलीच्या नावाने या न्यायशाखेचा पाया पक्का झाला. बोर्दो येथील सरकारी तंबाखूच्या कारखान्याच्या गाडीखाली सापडून आन्येस ब्लांको हिचा पाय गेला. बापाने भरपाई मागितली. हा दावा कोणत्या न्यायालयात चालावा या प्रश्नाचा निकाल ८ फेब्रुवारी १८७३ रोजी लागला: सरकारच्या चुकीची जबाबदारी आहे, ती निराळ्या नियमांनी मोजावयाची आहे, आणि ते मोजमाप प्रशासकीय न्यायसंस्थेने करावे. अखेरीस त्या मुलीस आजन्म वर्षासन मिळाले.

फ्रान्सचा शेजारी जो जर्मनी, त्याने दुसरी वाट धरली. बाडेन संस्थानाने १८६३ च्या कायद्याने स्वतंत्र प्रशासकीय न्यायालय उभारले. प्रशियाने १८७५ मध्ये तसेच केले. तेथील विचार असा, की हे न्यायालय कारभाराच्या पोटातून वाढलेले नसावे. ते आरंभापासूनच न्यायालय असावे. १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याने तर असे लिहून ठेवले, की सार्वजनिक सत्तेकडून ज्याच्या हक्कास बाध येईल त्याला न्यायालयाचे दार उघडे आहे. दोन शेजाऱ्यांचे मार्ग भिन्न, पण दोहोंकडे हे दार सर्व प्रजेसाठी होते.

इंग्लंडचा पंडित डायसी याने १८८५ मध्ये मात्र निराळाच सूर लावला. सरदार असो वा शिपाई, सर्वांस एकच कायदा व एकच न्यायालय असावे. सरकारसाठी वेगळे न्यायालय काढणे म्हणजे सरकारला सवलत देणे होय, असे त्याचे प्रतिपादन. हे तत्त्व ऐकावयास भव्य होते, आणि आपल्या वकीलवर्गाच्या दोन पिढ्या ते पाठ करून वाढल्या. परंतु डायसीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा सावद्याच्या शेतकऱ्यास आकारणीविरुद्ध दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्यास मज्जाव होऊन नऊ वर्षे झाली होती. मायदेशी एक न्यायालय आणि इलाख्यात मामलेदार, असा हा प्रकार होता. खुद्द इंग्लंडातही पुढे शेकडो न्यायाधिकरणे निघाली, आणि १९५७ च्या फ्रँक्स समितीने ती कारभाराची अंगे नसून न्यायदानाची अंगे आहेत, असे स्पष्ट म्हटले.

आपल्याकडील पहिली पावले

हिंदुस्थानात महसुलाच्या न्यायास कारभारापासून अलग करण्याचे पहिले मोठे पाऊल १९३५ च्या कायद्याने पडले. प्रांतांत लोकनियुक्त मंत्री येणार, तेव्हा महसुली अपिलांचा निकाल राजकारणी माणसाच्या हाती जाऊ नये, म्हणून त्या कायद्याच्या २९६ व्या कलमाने विधिमंडळाच्या सभासदास असल्या न्यायाधिकरणावर बसण्याची बंदी केली. त्यानुसार मुंबई प्रांतात १९३९ च्या कायद्याने महसूल न्यायाधिकरण स्थिर झाले. १९४१ च्या जानेवारीत प्राप्तिकराचे अपील न्यायाधिकरण निघाले. ते आजही चालू आहे.

महसूल न्यायाधिकरणाचा परिचय आमच्या वाचकांपैकी पुष्कळ घराण्यांस आहे, आणि तो गोड नाही. १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनंतर ज्यांची शेते कुळांकडे गेली आणि ज्या कुळांस ती मिळाली, त्या उभयतांचे तंटे मामलेदार व प्रांत यांच्याकडून होत होत शेवटी याच न्यायाधिकरणापुढे गेले. दिवाणी न्यायालयास त्यांत स्थान नव्हते. कोणास तेथे न्याय मिळाला व कोणास अन्याय झाला, हा वाद जुन्या वाड्यांतून अजून मिटलेला नाही. परंतु दोन्ही पक्षांस ज्याने जमीन दिली वा घेतली त्या अंमलदारापेक्षा वेगळा मनुष्य ऐकण्यास बसलेला होता, एवढे श्रेय त्या संस्थेस दिलेच पाहिजे.

येथे गोमंतकाचाही उल्लेख करावयास हवा. पोर्तुगीज राजवटीत युरोपच्या धर्तीवर तेथे प्रशासकीय न्यायाधिकरण होते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ते मोडून न टाकता १९६५ च्या कायद्याने नव्या रूपात चालू ठेवण्यात आले. आपल्या भाषेच्या मुलखात ही संस्था अशी दोन वाटांनी आली: खानदेशात इंग्रजी महसूलपद्धतीच्या वाटेने, आणि गोव्यात लिस्बनच्या वाटेने.

स्वातंत्र्यानंतरचे शेजारी

ज्या देशांनी इंग्रजी कायद्याचा वारसा घेतला ते आपले शेजारी स्वतंत्र झाल्यावर काय करते झाले? पाकिस्तानने १९७३ च्या घटनेच्या २१२ व्या कलमान्वये सरकारी नोकरांच्या सेवाविषयक तंट्यांसाठी न्यायाधिकरणे काढली आणि त्या बाबतीत इतर न्यायालयांचे दार लावून घेतले. सर्वोच्च न्यायालयाकडे जावयाचे तर महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यावर परवानगी घेऊन. बांगलादेशाने १९७२ च्या घटनेत ११७ वे कलम घातले, १९८० चा कायदा केला आणि १९८२ पासून प्रशासकीय न्यायाधिकरण व त्यावरील अपील न्यायाधिकरण सुरू केले. नेपाळ कधी इंग्रजांच्या अमलाखाली नव्हता. तरी त्यानेही १९९३ च्या मुलकी सेवा कायद्याने प्रशासकीय अदालत स्थापिली, व तिच्याकडे मुख्यतः खात्याने दिलेल्या शिक्षांविरुद्धची अपिले सोपविली. श्रीलंकेने २००१ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आणि २००२ च्या कायद्याने तीन सभासदांचे प्रशासकीय अपील न्यायाधिकरण नेमले. लोकसेवा आयोगाचे हुकूम बदलण्याचा वा रद्द करण्याचा अधिकार त्यास दिला.

हिंदुस्थानात हा विषय आणीबाणीच्या काळातल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये घटनेत शिरला. १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा झाला व त्याच वर्षी १ नोव्हेंबरला केंद्रीय न्यायाधिकरण सुरू झाले. महाराष्ट्राचे न्यायाधिकरण, ज्यास सरकारी नोकर ‘मॅट’ या लघुनामाने ओळखतात, ते १९९१ च्या जुलैत स्थापन झाले. त्याची मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशी तीन ठिकाणे असून जळगाव व धुळे जिल्ह्यांची प्रकरणे शेवटच्या ठिकाणी चालतात.

आपले शेजारी आमच्या जिल्ह्याच्या हद्दीइतकेही जवळ आहेत. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर लागते, आणि तेथे मध्यप्रदेशचा अंमल. त्या राज्यानेही असेच न्यायाधिकरण काढले होते. परंतु या शतकाच्या आरंभी ते मोडून टाकण्याचे ठरविले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय वैध मानला. बऱ्हाणपूरचा शिक्षक व रावेरचा शिक्षक यांच्यामध्ये काही कोसांचेच अंतर. पण बदली अन्यायाची झाली, तर एकाने उच्च न्यायालयात जावयाचे आणि दुसऱ्याने, तो सरकारी नोकर असल्यास, न्यायाधिकरणात.

तुलनेची कसोटी

या सर्व संस्था नावांनी सारख्या दिसतात. त्यांची पारख करण्यास दोन प्रश्न पुरे आहेत. पहिला: न्यायासनावर बसणाऱ्यास कोण नेमतो व कोण काढतो? दुसरा: त्याच्या निकालावर वरचे दार आहे काय?

पहिल्या प्रश्नास श्रीलंकेचे उत्तर सर्वांत सरळ आहे. तेथे सभासद न्यायिक सेवा आयोग नेमतो. पाकिस्तानात हा अधिकार कारभाराच्या हाती राहिला होता. २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयास न्यायाधिकरणांचे स्वातंत्र्य राखण्यासाठी नेमणुकांत मुख्य न्यायाधीशांचा विचार घेतला पाहिजे असे सांगावे लागले. आपल्याकडे तर ही कुस्ती वर्षानुवर्षे चालली. सभासदांची मुदत चारच वर्षे ठेवावी, असे सरकारला वाटे. इतक्या अल्प मुदतीचा न्यायाधीश पुन्हा नेमणूक मिळावी म्हणून सरकारकडे पाहील, असे न्यायालयास वाटे. २०१९, २०२० व २०२१ या वर्षी न्यायालयाने सरकारचे नियम फेटाळले. २०२१ च्याच ऑगस्टात संसदेने तशीच कलमे पुन्हा मंजूर केली. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने तीही रद्द ठरविली. ज्याची पगडी दुसऱ्याच्या खुंटीवर टांगलेली, त्याने त्या दुसऱ्याविरुद्ध निकाल द्यावा, अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावास धरून नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाने १८ मार्च १९९७ रोजी दिले. १९८५ च्या कायद्याने उच्च न्यायालयाचा अधिकार काढून घेतला होता. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायाधीशांनी ठरविले, की उच्च न्यायालयाचा तपासणीचा अधिकार घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे व तो काढून घेता येत नाही. न्यायाधिकरणे राहतील, पण उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली राहतील. या निकालामुळे एक पायरी वाढली, खटले लांबले, अशी तक्रार होते व ती अगदी खोटी नाही. तथापि विलंबाचा दोष पायरी काढून टाकल्याने जात नाही. न्यायासनावरच्या रिकाम्या जागा वेळेवर भरल्याने तो कमी होतो.

उरलेला मोठा प्रश्न

एवढे होऊनही एक गोष्ट मनास टोचते. पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका आणि आपण, या पाचही ठिकाणी ‘प्रशासकीय’ या नावाखाली जे न्यायासन मांडले गेले ते मुख्यत्वे सरकारी नोकरासाठी आहे. कारकुनाची बढती, फौजदाराचे निलंबन, निवृत्त मनुष्याचे वेतन, हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. आमच्या घराघरांत कोणी ना कोणी या नोकरीत आहे. परंतु बोर्दोची ती मुलगी सरकारी नोकर नव्हती. तिच्यासारख्या साध्या प्रजेसाठी जे दार फ्रान्सने दीडशे वर्षांपूर्वी उघडले, ते आमच्या बाजूस त्या रूपात नाही.

मग सातबाऱ्यावरील चुकीच्या नोंदीने हवालदिल झालेला पारोळ्याचा वा साक्रीचा शेतकरी कोठे जातो? १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे प्रांत, मग जिल्हाधिकारी, मग नाशिकचे विभागीय आयुक्त, अशी ती चढण आहे. आणि पुनरीक्षणाचा अधिकार राज्य सरकारास असल्यामुळे प्रकरण मंत्र्यांपर्यंतही जाते. शेतरस्ता कोणी अडविला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याखाली आजही तहसीलदार निवाडा करतात. हे सारे अंमलदार अप्रामाणिक आहेत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी गरिबाचा पक्ष निर्भयपणे राखला आहे. पण ज्याच्या मेजावर सकाळी वसुलीचे तक्ते आणि दुपारी न्यायाची फाईल, त्याचे मन दोन घरचा पाहुणा होते. विशेष हे, की १९३५ च्या परकी कायद्याने विधिमंडळाच्या सभासदास महसुली न्यायापासून दूर ठेवले होते. स्वकीयांच्या घटनेत ते कलम आले नाही, आणि आज मंत्री हे काम करतात. परकीयाने घातलेले प्रत्येक कुंपण मोडण्याजोगेच होते असे नव्हे.

अंतराचाही विचार हवा. जळगावहून अजिंठ्याचा आणि धुळ्याहून चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढून सुमारे दीडशे किलोमीटर गेल्यावर न्यायाधिकरण व उच्च न्यायालयाचे खंडपीठ लागते. १९८१ पूर्वी खंडपीठ नव्हते तेव्हा मुंबईच गाठावी लागे. त्या मानाने ही सोय मोठी. तरीही शिक्षेच्या हुकुमाचा कागद हाती पडलेल्या गरीब शिपायास एका तारखेला पगारातला किती भाग मोजावा लागतो, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

मुदतीचे भानही घरोघरी राहावयास पाहिजे. खालच्या महसुली अधिकाऱ्याच्या हुकुमावर अपील साधारणतः ६० दिवसांत, आणि जिल्हाधिकाऱ्यासारख्या वरिष्ठाच्या हुकुमावर ९० दिवसांत करावे लागते. नोकरीच्या प्रकरणी अंतिम हुकुमापासून एका वर्षाच्या आत न्यायाधिकरणात अर्ज गेला पाहिजे. वरिष्ठाकडे केलेल्या अर्जास सहा महिन्यांत उत्तर न आल्यास त्यानंतरचे एक वर्ष धरतात. साहेब आज ना उद्या ऐकतील या आशेवर बसून राहिल्याने पुष्कळांचे खरे हक्क कालबाह्य झाले आहेत.

शेजाऱ्यांच्या या तुलनेवरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. महसुली अपिलांचा शेवटचा शब्द मंत्र्यांकडून काढून, मुदतीची शाश्वती असलेल्या स्वतंत्र न्यायासनाकडे द्यावा. त्या आसनाने वर्षातून काही दिवस धुळ्यास व जळगावास येऊन बसावे. आणि उच्च न्यायालयाचे दार वर उघडे असावे. यासाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही. १९३९ मध्ये याच प्रांताने त्याचा आरंभ केलेला आहे. सावद्याच्या मैदानात जमलेल्यांना जे मागता आले नाही ते आपणांस मतपेटीने, अर्जाने आणि सभेत उभे राहून मागता येते. सरकार आपले आहे हे खरे. आणि आपले असल्यामुळेच त्याच्याशी झालेला वाद तिऱ्हाइताने तोडावा, हे सांगण्यास आपण संकोचू नये.